आत्याआजींची चित्रं, तालुक्याचं संग्रहालय आणि विकायचं नेमकं काय

प्रश्न थोडक्यात असा आहे: वडिलांच्या आत्यांनी साधारण १९३० ते १९६५ या काळात काढलेली चाळीसेक चित्रं घरात आहेत. बहुतेक जलरंगातली, थोडी तैलरंगातली, शिवाय रेखाटनांच्या वह्या. आत्याआजी १९७१ मध्ये गेल्या. गावातलं कलादालन डिसेंबरात आठवडाभर मोफत मिळतंय. प्रदर्शनातून जमेल तो पैसा तालुक्याच्या संग्रहालयाला द्यायचा आहे, कारण त्याचं छप्पर पावसात गळतं. चित्रांना किंमती किती लावाव्यात? काचा बदलाव्यात का? कायद्याची काही अडचण आहे का? अर्धवट राहिलेली चित्रं लावावीत का?

मी बरीच वर्षं संग्रहालयांतली चित्रं सांभाळण्याचं आणि प्रदर्शनं उभारण्याचं काम करते. पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर असं, की मूळ चित्रांना किंमत लावूच नका. निदान या प्रदर्शनात तरी नको.

मूळ चित्रं विकली तर संग्रहालयाला पैसा एकदाच मिळेल आणि चित्रं चाळीस घरांत जातील. पुढच्या पिढीत ती घरं बदलतील, फ्लॅट लहान होतील, आणि कुणाच्या माळ्यावर काय आहे हे सांगणारं कुणी उरणार नाही. अनोळखी स्त्री-चित्रकाराच्या बाबतीत हा धोका फार मोठा असतो. बाजारात तिच्या नावाला भाव नसतो, त्यामुळे विकत घेणाराही चित्र जपेलच असं नाही. मुंबईत राहिलेल्या मूळच्या रशियन चित्रकार माग्दा नाख्मन यांचं उदाहरण मला फार लागतं. फेब्रुवारी १९५१ मध्ये स्वतःच्या प्रदर्शनाचं उद्घाटन काही तासांवर आलेलं असताना त्या मुंबईत वारल्या. त्यांची चित्रं विखुरली आणि पुढे अभ्यासकांना त्यांचा माग देशोदेशी, घरोघर काढावा लागला. याच्या उलट अमृता शेरगिल यांचं. १९४१ मध्ये लाहोरला त्या अकाली गेल्या, पण घरच्यांनी चित्रांचा मोठा भाग एकत्र राहू दिला. दिल्लीचं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय १९५४ मध्ये सुरू झालं तेव्हा ती चित्रं तिथल्या संग्रहाच्या गाभ्यात होती. आज त्यांच्याविषयी जे काही लिहिलं-बोललं जातं, त्याचा बराचसा आधार एकत्र राहिलेली ही चित्रंच आहेत.

मग पैसा कुठून? डिसेंबर मिळालाय, ही चांगली गोष्ट आहे. नव्या वर्षाची दिनदर्शिका काढा. बारा चित्रं, प्रत्येकाखाली दोन ओळी. आपल्याकडे भिंतीवर दिनदर्शिका लागतेच, आणि गावातल्या बाईंच्या चित्रांची असेल तर लोक नातेवाइकांसाठीही घेतात. त्याखेरीज पोस्टकार्डं, आणि चारपाच चित्रांच्या चांगल्या कागदावरच्या, क्रमांक घातलेल्या, मोजक्याच प्रती. प्रत काढताना ती मूळ आकारापेक्षा थोडी लहान ठेवा आणि मागे ‘प्रत’ असं छापा, म्हणजे वीस वर्षांनी कुणी ती मूळ म्हणून विकणार नाही. तिसरा मार्ग देणगीदारांचा. एका देणगीदाराने एका चित्राच्या माउंटचा (चित्राभोवतीच्या जाड पुठ्ठ्याच्या चौकटीचा) आणि फ्रेमचा खर्च उचलायचा, त्याचं नाव पुस्तिकेत छापायचं. भिंतीवर मात्र चित्रकाराखेरीज कुणाचंच नाव नको. प्रौढांना लहानसं तिकीट ठेवायला माझी हरकत नाही. शाळांना सगळं मोफत ठेवा.

जमेचा आणि खर्चाचा हिशेब पहिल्या दिवसापासून वेगळा लिहा. पत्रकावर ‘सर्व रक्कम संग्रहालयाला’ असं छापायचं आणि नंतर मंडप, छपाई, चहापाणी त्यातून वजा करायचं, यात लहान गावात नावं खराब होतात. ‘खर्च वजा जाता उरलेली रक्कम’ असं आधीच स्पष्ट लिहिलेलं बरं. पैसा कशासाठी जातोय हेही संग्रहालयाकडून पत्रात लिहून घ्या: आधी छप्पर, मग एक पत्र्याचं बंद कपाट. छप्पर गळत असताना तिथे जलरंगातली चित्रं देऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. या वर्षी पैसा द्या, चित्रं छप्पर झाल्यावर द्या.

पावत्या कुणाच्या नावाने फाडायच्या हे आधी ठरवा. संग्रहालय नोंदणीकृत न्यासाचं असेल तर देणगी थेट न्यासाच्या खात्यात आणि पावती न्यासाची. घरच्यांनी किंवा चार मित्रांनी मिळून वर्गणी गोळा करायची असेल, तर गणेशोत्सव मंडळं घेतात तशी धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. ज्याला सगळे ८०जी म्हणतात ती प्राप्तिकरातली सवलत न्यासाकडे तशी मंजुरी असेल तरच मिळते. २,००० रुपयांवरची रोख देणगी त्यात धरत नाहीत, आणि वस्तुरूपाने दिलेलं दानही धरत नाहीत. म्हणजे चित्र दान केल्याबद्दल करात सूट मिळेल असं कुणी सांगितलं, तर त्यावर विसंबू नका.

आता ज्या कामासाठी हे प्रदर्शन मला सर्वांत मोलाचं वाटतं, त्याकडे येते: नोंद. चित्रं भिंतीवरून उतरणार आहेत आणि सगळं घर त्यासाठी एकत्र येणार आहे. अशी संधी पुन्हा लवकर येत नाही. प्रत्येक चित्राला एक क्रमांक द्या. कागदाच्या मागे, कोपऱ्यात, मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहा. बॉलपेन नको, स्टिकर नको. उंची आणि रुंदी सेंटिमीटरमध्ये, आधी उंची. फोटो चार: पुढून, मागून, सहीचा जवळून, आणि एका बाजूने तिरपा उजेड टाकून. तिरप्या उजेडात कागदाची लाट, रंगाचा पोपडा, जुनी घडी, सगळं उठून दिसतं. प्रदर्शनाआधीची ही स्थिती लिहून ठेवली की कंडिशन रिपोर्ट झाला. चित्र परत आल्यावर त्याच्याशी ताडून पाहायचं. विमा घेणार असाल तर चित्र घरच्या भिंतीवरून उतरल्यापासून परत तिथे लागेपर्यंतचा घ्या. फक्त दालनातल्या दिवसांचा घेतला तर वाहतुकीतलं नुकसान सुटतं, आणि चित्रं बहुतेक वाहतुकीतच फाटतात.

सह्या नीट पाहा. आपल्याकडच्या स्त्री-चित्रकारांचं काम लग्नाआधीच्या आणि लग्नानंतरच्या नावांत विभागलं जातं. एकच बाई एका चित्रावर माहेरच्या आडनावाने, दुसऱ्यावर सासरच्या, तिसऱ्यावर नुसत्या आद्याक्षरांनी सही करते. जुन्या प्रदर्शनांच्या कॅटलॉगमध्ये ‘मिस’ अमुक शोधताना ‘मिसेस’ तमुक हातातून निसटते. दोन्ही नावांनी शोधा. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ पासून आहे. आत्याआजींनी तिच्या वार्षिक प्रदर्शनाला चित्र पाठवलं असेल, तर त्या वर्षीच्या कॅटलॉगमध्ये नाव, चित्राचा क्रमांक, कदाचित किंमतही सापडेल. सरकारी चित्रकला परीक्षांची, एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटची प्रमाणपत्रं ट्रंकेत असतात. तीही नोंदीत घ्या.

कागद उजेडासमोर धरून पाहा. त्या काळी जलरंगासाठी इंग्लंडमधून येणारा व्हॉटमन कागद चांगला मानला जाई. त्याच्या जलचिन्हात नावासोबत कित्येकदा वर्षही असतं. त्यावरून चित्र कोणत्या वर्षाआधी काढलेलं असूच शकत नाही, हे कळतं. फ्रेमच्या मागे फ्रेमवाल्याची चिठ्ठी असेल, आतल्या बाजूला वर्तमानपत्राचा कागद असेल. त्यावरची तारीख फ्रेम कधी झाली ते सांगते. कागद फेकू नका. फोटो काढून वेगळ्या पाकिटात ठेवा, चित्राला मात्र परत लावू नका.

एक अवघड काम म्हणजे नक्कल आणि स्वतःचं चित्र वेगळं करणं. त्या काळात शिकण्याची रीतच अशी होती की रविवर्म्याच्या छापील तसबिरी किंवा धुरंधरांची चित्रं समोर ठेवून नक्कल काढायची. तुमच्या चाळीसांत अशी काही असणारच. त्यात कमीपणा नाही, पण पाटीवर ‘नक्कल’ असं स्पष्ट लिहा. जाणकार पाहणारा ती ओळखतोच, आणि आपण लिहिलं नसेल तर उरलेल्या चित्रांवरचाही त्याचा विश्वास जातो. घरातल्या ऐंशी-नव्वदीच्या बायकांना चित्रांसमोर बसवा आणि फोनवर बोलणं रेकॉर्ड करा. ही विहीर कुठली, ही नऊवारीतली बाई कोण, चित्र दुपारी निजानीज झाल्यावर काढायच्या की पहाटे. हे कुठल्याही कागदावर सापडणार नाही.

काचांचं विचारलंत. जुन्या फ्रेम उघडाव्याच लागतील, कारण मागे लाकडी फळी किंवा हार्डबोर्ड असतो आणि त्यातलं आम्ल कागद तपकिरी आणि ठिसूळ करतं. आम्लरहित बोर्डाचं माउंट करून घ्या. चित्र आणि काच यांत माउंटच्या जाडीचं अंतर राहिलंच पाहिजे. काच चित्राला चिकटलेली दिसली तर ती ओढू नका. तसंच ठेवा आणि जाणकाराला दाखवा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलासंवर्धनाचा स्वतंत्र विभाग आहे आणि तिथे बाहेरचं कामही घेतात. गावच्या फ्रेमवाल्याकडून तीन गोष्टी होऊ देऊ नका: सेलोटेप, फेव्हिकॉल आणि लॅमिनेशन. लॅमिनेट केलेलं जलरंगातलं चित्र जवळजवळ वाचवता येत नाही. ‘आता शंभर वर्षं काही होणार नाही’ असं सांगून ते करून देतात, म्हणून हे मुद्दाम लिहिते आहे. बुरशी दिसली तर ओल्या फडक्याने पुसू नका. ते चित्र बाकीच्यांपासून वेगळं करा, सावलीत कोरडं होऊ द्या, तोंडाला मास्क लावून मऊ ब्रशने बाहेरच्या दिशेने झटका. तैलरंगाच्या चित्रांवर बटाटा चोळणं, खोबरेल फिरवणं, उद्घाटनाआधी चमक यावी म्हणून वार्निश मारणं, यातलं काहीही करू नका. मळलेलं चित्र मळलेलं लावलं तरी चालतं.

प्रकाशाबद्दल थोडं हिशेबानेच सांगते. उजेड लक्स या एककात मोजतात. जलरंगाला ५० लक्सपर्यंत उजेड सोसतो, तैलरंगाला २०० पर्यंत. फोनवर लक्स मोजणारं ॲप मिळतं. ते अचूक नसलं तरी अंदाजाला पुरतं. ५० लक्सवर दिवसाला आठ तास, सात दिवस, म्हणजे २,८०० लक्स-तास. तेच दालनात ५०० लक्स असेल, आणि सभागृहवजा दालनांत सहज असतो, तर २८,००० लक्स-तास. म्हणजे एका आठवड्यात दहा आठवड्यांचा उजेड. उजेडाने झालेली हानी भरून येत नाही, ती साठत जाते. सर्वांत आधी जातात गुलाबी आणि लाल छटा. संध्याकाळच्या आकाशातली लाली उडाली की उरलेलं निळं-करडं आभाळ चित्रकारानेच तसं रंगवलं होतं, असं लोक समजतात. माउंटखाली झाकलेली कडेची पट्टी उघडून पाहा, मूळ रंग तिथे दिसेल. खिडक्यांना जाड पडदे, अर्ध्या ट्यूबलाइट बंद, हॅलोजन अजिबात नको. अंधूक वाटेल म्हणून दाराशी एक छोटी सूचना लावा. दोन मिनिटांत डोळे सरावतात.

उद्घाटनाची समई दालनाबाहेर लावा. तेलाची काजळी आणि चित्रं एका खोलीत नकोत. हारांचं तर आधीच ठरवून ठेवा. आत्याआजींविषयी आदर असलेली माणसं येतील, हार आणतील, आणि तो त्यांच्या आत्मचित्रालाच घालायला जातील. ओल्या फुलांचं पाणी फ्रेममध्ये उतरतं. म्हणून त्यांचा एक मोठा छापील फोटो प्रवेशाशी चौरंगावर ठेवा, हार-कुंकू सगळं तिथे. चहा अंगणात.

टांगणीबद्दल फार लिहीत नाही. चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटिमीटरवर, दोन खिळ्यांवर, सुतळीवर नव्हे. बाहेरच्या भिंतीला ओल असेल तर फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा, मागून हवा खेळते.

पाट्यांवर मात्र वेळ घालवा. अशा प्रदर्शनांचा मजकूर बहुधा ‘संसार सांभाळून जोपासलेला छंद’ या सुरात लिहिला जातो. मला तो सूर मान्य नाही. पस्तीस वर्षं चित्रं काढणारी बाई छंद जोपासत नव्हती, ती चित्रकार होती. दुसरी सवय म्हणजे अमक्यांची मुलगी, तमक्यांची पत्नी अशी ओळख करून देणं. अंबिका धुरंधर यांनी १९३१ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून पदविका घेतली, पुढे ऐतिहासिक विषयांवर मोठी चित्रं केली आणि २००९ पर्यंत त्या हयात होत्या. तरी आजही त्यांचं नाव आलं की पहिलं वाक्य त्यांच्या वडिलांवर, चित्रकार रावबहादूर धुरंधरांवर असतं. अँजेला त्रिंदाद यांचंही तेच. त्याही जे. जे.च्या. त्यांनी ख्रिस्त आणि मेरी भारतीय वेशात, भारतीय चेहऱ्यांनी रंगवली, पुढे स्वतःची वेगळीच त्रिकोणी रचना शोधली, आणि ओळख मात्र चित्रकार अँतोनियो झेवियर त्रिंदाद यांची कन्या अशी. त्यांच्या बाबतीत एक चांगली गोष्ट झाली. वडिलांचं आणि लेकीचं काम पणजीत फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज सांस्कृतिक संस्थेकडे एकत्र आहे, त्यामुळे दोघांची चित्रं शेजारी-शेजारी पाहून लेकीची वाट कुठे वेगळी झाली हे आपल्या डोळ्यांनी ठरवता येतं. शक्य असेल तर गोव्याला जाऊन ते पाहून या.

तेव्हा पाटीवर आधी त्यांचं पूर्ण नाव, दोन्ही आडनावांसह. मग चित्राचं नाव, वर्ष किंवा अंदाजे काळ, माध्यम, आकार. खाली एखादंच वाक्य, तेही चित्रात जे दिसतं त्याबद्दल. ‘तुळशीवृंदावनाची सावली निळ्या रंगात धरली आहे, काळा कुठेच वापरलेला नाही’ असं वाचलं की माणूस परत चित्राकडे पाहतो. चरित्र सगळं एका फलकावर, शेवटच्या भिंतीवर.

कायद्याचं. शंभर वर्षं पूर्ण झालेलं चित्र १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं आणि ते परदेशी नेता येत नाही. तुमची १९३० नंतरची चित्रं त्या रेषेच्या जवळ येत आहेत, पण आज त्यात बसत नाहीत. परदेशातल्या नातेवाइकांना एखादं हवं असेल तर हे लक्षात ठेवा. छापील प्रतींसाठी स्वामित्वहक्क बघावा लागतो. चित्र ज्याच्या भिंतीवर आहे त्याच्याकडे तो असतोच असं नाही. चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं तो वारसांकडे राहतो. त्या १९७१ मध्ये गेल्या, म्हणजे २०३१ अखेरपर्यंत. तेव्हा दिनदर्शिका छापण्याआधी सगळ्या वारसांची लेखी संमती घ्या, भले ती एका साध्या कागदावर असो. चुलत घरांत यावरून अबोला धरलेला मी पाहिला आहे.

छप्पर झालं आणि चित्रं द्यायची वेळ आली की सगळी एकदम देऊ नका. दहा-बारा निवडा, ज्यांत त्यांचा सगळा प्रवास दिसेल, आणि वह्या त्यांच्यासोबत द्या. दानपत्रात लिहून घ्या: संग्रहालय ती विकणार नाही, न्यास बंद पडला तर ती घरच्यांना किंवा दुसऱ्या सार्वजनिक संग्रहालयाला जातील, अभ्यासकांना पाहता येतील. नोंदवहीत चढल्यावर प्रत्येकाचा नोंदक्रमांक मागून घ्या आणि तो तुमच्या यादीत तुमच्या क्रमांकापुढे लिहा. उरलेली चित्रं घरात राहिली तरी यादीची एक प्रत संग्रहालयात असू द्या.

अर्धवट चित्रांबद्दल: जरूर लावा. पूर्ण चित्रात जे झाकलं जातं ते तिथे उघडं असतं. पेन्सिलीची पहिली रेघ कुठे टाकली, आधी आकाश धरलं की चेहरा, हात कुठे अडला. अमृता शेरगिल यांचं शेवटचं अपूर्ण चित्र राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहे आणि त्यांच्या कामाचा अभ्यास करणारे त्यापाशी थांबतात. तुमच्याकडची अपूर्ण चित्रं एकाच भिंतीवर, शक्यतो त्याच विषयाच्या पूर्ण चित्राशेजारी लावा. वह्या मात्र टांगू नका. काचेच्या कपाटात, पाठीला उशीसारखा आधार देऊन, पूर्ण न उघडता ठेवा आणि रोज सकाळी एक पान उलटा. पानावरचा उजेडही कमी होतो, आणि गावातली शाळेची मुलं दुसऱ्या दिवशी नवीन पान बघायला परत येतात.